ज्यांना इयत्ता नाही, त्यांचेही ऐकू या

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने मला 'आजची मुले आणि संस्कार' हा विषय सुचवला होता. अध्यक्षांची परवानगी घेऊन मी तो थोडा अरुंद करून घेतला आहे. 'आजची मुले' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दप्तर, गणवेश, शिकवणी आणि टक्केवारी येते. त्या मुलांबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. आज मी शाळेत न जाणाऱ्या मुलामुलींबद्दल बोलणार आहे. त्यांच्या शिक्षणाबद्दल बोलेनच, पण मुख्यतः त्यांच्या बोलण्याबद्दल. चार लोकांत उभे राहून स्वतःचे म्हणणे मांडण्याची संधी त्यांना कशी मिळेल, हा माझा विषय आहे.

ही मुले आपल्यापासून दूर नाहीत. दिल्लीतल्या मराठी माणसांत सरकारी नोकरीसाठी आलेले आहेत, सैन्यातले आहेत, पत्रकार आहेत, आणि फार मोठ्या संख्येने गलाई बांधव आहेत. सांगली जिल्ह्यातला खानापूर-आटपाडीचा भाग, साताऱ्यातले माण-खटाव, हा सगळा दुष्काळी पट्टा. शेतीत भागेना म्हणून तिथली माणसे सोने-चांदी गाळण्याचे काम शिकली आणि भारतभर पसरली. करोल बागेपासून चांदनी चौकापर्यंत, आणि तिकडे केरळ-तामिळनाडूपर्यंत, सराफ बाजार असेल तिथे विट्याकडचा माणूस सापडतो. या माणसांच्या कष्टाचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. आपल्या उत्सवाच्या वर्गणीतला मोठा वाटाही त्यांचाच आहे.

परंतु या व्यवसायात मालकाच्या पाठोपाठ गावाकडून मुलगाही येतो. कुणी दहावी नापास झालेला असतो, कुणाची शाळा आठवीनंतर सुटलेली असते, कुणाचे वडील आजारी असतात. चुलत्याच्या किंवा मामाच्या ओळखीने तो दुकानात लागतो. भट्टी, मूस, सांडशी आणि तेजाबाचा धूर हे त्याचे जग होते. दुकानातच किंवा वरच्या माळ्यावर झोपायचे आणि चार-पाच जणांत मिळून स्वयंपाक करायचा. हाच मुलगा आपल्या मंडपाचे खांब उभे करतो, ढोल वाजवतो आणि विसर्जनाच्या दिवशी मूर्ती खांद्यावर घेतो. उत्सवात तो सगळीकडे असतो. कार्यक्रमपत्रिकेत मात्र त्याला जागा नसते.

आपली पत्रिका उघडून बघा. निबंध स्पर्धा, गट पहिला, इयत्ता पहिली ते चौथी. वक्तृत्व स्पर्धा, गट दुसरा, इयत्ता पाचवी ते सातवी. चित्रकला तशीच. दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार तर आहेच. यात कुणाचाही वाईट हेतू नाही. वर्षानुवर्षे अशीच पत्रिका छापली जाते. पण ज्याला इयत्ताच नाही त्याने कोणत्या गटात नाव द्यायचे? आणि भाऊ-बहिणीला सांभाळण्यासाठी घरी राहिलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीने? तिला तर मंडपातही रांगोळीपुरतेच बोलावले जाते.

आता कायदा काय सांगतो ते थोडक्यात सांगते, कारण त्याबद्दल आपल्याकडे गैरसमज आहेत. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देतो. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे हा गुन्हा आहे. शाळेच्या वेळेनंतर घरच्या व्यवसायात मदत करणे, असे मोजके अपवाद आहेत. चौदा ते अठरा या वयाच्या मुलांना धोकादायक कामांवर ठेवता येत नाही. म्हणजे चौदा पूर्ण झाली की शिक्षणाचा हा हक्क संपतो, कामाची वाट अर्धी उघडते आणि मतदानाला अजून चार वर्षे असतात. या चार वर्षांत त्या मुलाचे म्हणणे ऐकणे कुणाचे काम आहे? शाळेत असता तर निदान वर्गशिक्षक असते, स्नेहसंमेलन असते, शाळेचे हस्तलिखित असते. शाळा सुटली की हे सगळे एकदम सुटते.

संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली बालहक्कांचा करार मंजूर केला आणि भारताने तो १९९२ साली स्वीकारला. त्याच्या बाराव्या कलमाचा आशय असा आहे की, ज्या मुलाला स्वतःचे मत बनवता येते, त्याला स्वतःशी संबंधित बाबींत ते मोकळेपणाने मांडण्याचा हक्क आहे आणि त्याचे वय व समज पाहून त्या मताला वजन दिले पाहिजे. तेराव्या कलमात अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आहे. करारात मूल म्हणजे अठरा वर्षांखालची व्यक्ती. ती शाळेत असली पाहिजे अशी अट या कलमांत कुठेही नाही.

हे सगळे परदेशातून आलेले नवे खूळ आहे, असे कुणाला वाटेल. आपल्याकडेच पाहा. पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही मातंग समाजातली कोवळ्या वयाची मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आपल्या जातीवर काय गुदरते ते तिने स्वतः लिहिले. तिच्या वतीने दुसऱ्या कुणी लिहिले असते, तर पावणेदोनशे वर्षांनी आपण तो निबंध आठवला असता का?

दुसरे उदाहरण नारायण मेघाजी लोखंडे यांचे. मुंबईच्या गिरण्यांतले कामगार बहुतेक निरक्षर. त्यांत स्त्रिया होत्या, मुलेही होती. लोखंडे 'दीनबंधु' हे पत्र चालवत. त्यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, कामावर जायबंदी झाल्यास भरपाई, अशा त्यांच्या मागण्या होत्या. साप्ताहिक सुट्टी मिळायला १८९० साल उजाडावे लागले. आज आपण रविवारी सकाळी निवांत चहा पितो, त्यामागे शाळा न पाहिलेल्या माणसांच्या सह्या-अंगठे आहेत.

आणि अण्णाभाऊ साठे यांची दीड दिवसाची शाळा तर सर्वांना ठाऊक आहे. वाटेगावचा हा मुलगा मुंबईला गेला, पडेल ते काम केले, कामगार चळवळीत शिरला. १९४४ साली अमर शेख आणि गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. पुढे 'फकिरा'सारखी कादंबरी लिहिली. अण्णाभाऊंची प्रतिभा असामान्य होती, यात वाद नाही. परंतु त्या प्रतिभेला उभे राहायला कामगार वस्तीतली सभा मिळाली आणि कलापथकाचे व्यासपीठ मिळाले. 'तुझी इयत्ता कोणती' असे तिथे त्यांना कुणी विचारले नाही.

आता आपल्या दिल्लीकडे येते. आपण इतकी वर्षे या शहरात राहतो, पण इथल्याच एका वृत्तपत्राविषयी आपल्यापैकी किती जणांना माहिती आहे? त्याचे नाव 'बालकनामा'. रस्त्यावर राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या मुलांनी चालवलेले हे हिंदी वृत्तपत्र २००३ साली सुरू झाले. 'बढते कदम' हा या मुलांचा संघ, आणि 'चेतना' ही स्वयंसेवी संस्था त्यांच्या पाठीशी. वार्ताहर कोण? कचरा वेचणारी, स्टेशनवर राहणारी, सिग्नलवर वस्तू विकणारी मुले.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनाही या पत्राने वार्ताहर केले. त्यांना 'बातूनी रिपोर्टर' म्हणतात. बातूनी म्हणजे बोलका, गप्पिष्ट. आपल्या वस्तीत काय घडले ते तो सांगतो आणि ज्याला लिहिता येते तो उतरवून घेतो. नंतर मुलांची संपादकीय बैठक बसते आणि कोणती बातमी घ्यायची ते ठरते. लिहिता न येणे ही अडचण आहे हे त्यांनी नाकारले नाही. त्या अडचणीपायी बातमी थांबवली नाही, एवढेच.

या पत्राने आणलेली एक बातमी अंगावर काटा आणणारी होती. रेल्वेच्या रुळांवर मरण पावलेल्या माणसांचे मृतदेह उचलायला पोलीस स्टेशनवरच्या मुलांना लावत होते. मोठ्या वृत्तपत्रांनी नंतर ही बातमी उचलली आणि राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने तिची दखल घेतली. विचार करा, ही गोष्ट दुसऱ्या कोणत्या वार्ताहराला समजली असती? ज्या मुलांना ते करावे लागत होते, त्यांनाच ती ठाऊक होती. आणि या पत्रात काम करता करता काही मुलांनी मुक्त विद्यालयातून आपले सुटलेले शिक्षण पुन्हा सुरू केले, हेही मुद्दाम सांगते.

दुसरा प्रयोगही दिल्लीचाच. २००१ साली 'अंकुर' ही शिक्षण क्षेत्रातली संस्था आणि सी.एस.डी.एस.मधला 'सराय' हा उपक्रम यांनी मिळून एल.एन.जे.पी. वस्तीत 'सायबर मोहल्ला' सुरू केला. एका लहानशा खोलीत काही संगणक, आणि भोवती वस्तीतली तरुण मुले-मुली. त्यातल्या अनेकांची शाळा सुटलेली होती. रोज यायचे, आपल्या गल्लीत पाहिलेले-ऐकलेले लिहायचे, एकमेकांना वाचून दाखवायचे. त्यांनी भित्तिपत्रक काढले आणि ते वस्तीतच लावले. पुढे यमुनेकाठच्या नांगला माची वस्तीतही हे काम गेले. ती वस्ती २००६ साली पाडली गेली आणि पाडापाडी चालू असताना या तरुणांनी ती लिहून ठेवली. त्यांच्या लेखनाचे 'बहुरूपिया शहर' हे पुस्तक २००७ साली राजकमल प्रकाशनाने काढले आणि २०१० साली त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले. दिल्लीच्या इतिहासात नांगला माचीची नोंद सरकारी कागदावर 'अतिक्रमण हटवले' एवढीच राहिली असती. तिथे दुकान कुणाचे होते, पाणी कुठून भरत, घर पाडायच्या आदल्या रात्री लोक काय बोलत होते, हे त्या मुलांमुळे टिकले.

तिसरे उदाहरण आपल्या शेजारच्या कर्नाटकातले. तिथे १९९० साली काम करणाऱ्या मुलांनी 'भीम संघ' स्थापन केला. त्यांचे 'भीम पत्रिके' नावाचे भित्तिपत्रक होते. पुढे उडुपीकडच्या गावांत मुलांच्या पंचायती सुरू झाल्या. १९९६ साली कुंदापूर इथे काम करणाऱ्या मुलांची पहिली आंतरराष्ट्रीय बैठक भरली आणि तीस-बत्तीस देशांतल्या मुलांनी दहा मागण्यांचा जाहीरनामा केला. आमच्या प्रश्नांबद्दल निर्णय घेताना आम्हाला विचारा, आमच्या परिस्थितीला जुळेल असे शिक्षण द्या, शिकायला आणि खेळायला वेळ उरेल इतकेच काम असू द्या, हा त्याचा सारांश. त्या मुलांच्या सगळ्या मागण्या सर्वांना पटल्या असे नाही. मुलांच्या कामाला मान्यताच देऊ नये, असे म्हणणारे जाणते लोक आहेत. त्यांचे म्हणणे मला मोलाचे वाटते. परंतु मतभेद आहेत म्हणून मुलांना बैठकीतूनच उठवावे, हे काही पटत नाही. आपल्या कायद्यालाही ते पटलेले नाही. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यानुसार पंधरा वर्षे पूर्ण झालेला कामगार संघटनेचा सभासद होऊ शकत असे. पंधराव्या वर्षी तो संघटनेत बसू शकत असे, तर आपल्या मंडळाच्या सभेत का नको?

आता थोडे आपल्या वाचनालयाबद्दल. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी दर आठवड्याला तिथे दोन तास बसते. सुरुवातीला पेपर वाचायला दोन मुले आली, मग त्यांचे मित्र आले. बारा-चौदा जण होतात. सगळे पंधरा ते एकोणीस वयाचे. आम्ही पेपरातली एखादी बातमी वाचतो आणि त्यावर बोलतो. बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करायचे ही कल्पना त्यांचीच. नंतर ते ऐकून कुणीतरी कागदावर उतरवतो.

पहिले काही आठवडे कुणी बोलेना. कारण विचारले तर एक जण म्हणाला, "काकू, आमची भाषा हितं चालत न्हाय. लोक हसत्यात." लक्षात घ्या, हा मुलगा बाजारात हिंदी बोलतो, थोडी पंजाबी बोलतो, गिऱ्हाइकाशी भाव करतो. मराठी मंडळात मात्र त्याला स्वतःच्या मराठीची लाज वाटते. मी त्याला सांगितले की, तुझ्या माणदेशी बोलीत जे शब्द आहेत ते माझ्याकडे नाहीत, तू बोल आणि मी लिहून घेते. मग हळूहळू तोंड उघडले.

काय सांगतात ही मुले? तक्रारीच सांगतात असे समजू नका. एक जण गावाकडच्या यात्रेबद्दल तासभर बोलला. एकाला मूस तापताना सोन्याचा रंग कसा बदलत जातो ते फार सुंदर सांगता येते. शाळेत त्याला विज्ञान अवघड जात होते. एकाला हिशेब शिकायचा आहे, कारण पुढे स्वतःचे दुकान काढायचे आहे. एकाला बहिणीची शाळा सुटू द्यायची नाही, म्हणून तो दर महिन्याला पैसे पाठवतो. मी विचारले, कुणाला काही सांगायचे आहे का? तर एक मिस्कील पोरगा म्हणाला, "शेठला न्हाय, शेठच्या बायकोला सांगायचं हाय. तिनं सांगितलं की शेठ ऐकतोय." सगळे हसले. समोर बसलेले काही शेठही आता हसत आहेत, म्हणजे मुलाचे निरीक्षण बरोबर असावे.

पण गंभीर गोष्टीही निघाल्या. तेजाबाच्या धुराने डोळे चुरचुरतात, खोकला येतो. माळ्यावर वारा नाही. हात भाजला तर हळद लावून काम चालू. मी म्हटले, आपल्या मंडळाचे आरोग्य शिबिर होते ना, मग डॉक्टरांना का दाखवले नाही? उत्तर मिळाले, "शिबिर अकराला व्हतं. अकराला दुकानातनं कोण सोडंल?" शिबिर भरवणाऱ्यांचा उद्देश चांगलाच होता. डॉक्टर आले होते, औषधे होती. वेळ ठरवताना ज्यांना डॉक्टरांची सर्वांत जास्त गरज आहे त्यांना विचारले असते, तर शिबिर संध्याकाळी झाले असते. विचारले नाही, कारण विचारण्याची रीतच आपल्याकडे नाही.

हे सगळे त्यांनी उतरवून दिल्यावर मी म्हटले, स्मरणिकेसाठी देऊ या. तेव्हा ज्याचा हात भाजला होता तोच मुलगा म्हणाला, "द्या काकू, पण नाव घालू नगा." त्याला का भीती वाटली हे मी इथे वेगळे सांगायची गरज नाही. ज्याच्याकडे नोकरी, त्याच्याकडेच झोपायची जागा. तोच गावाकडचा नातेवाईक आणि तोच मंडळाचा देणगीदार. असा मुलगा एक वाक्य बोलतो तेव्हा तो भाकरी आणि छप्पर दोन्ही पणाला लावतो. त्यांना बोलते करायचे असेल, तर आधी ही भीती दूर केली पाहिजे. ते काम मुलांचे नाही, समोर बसलेल्या मोठ्यांचे आहे.

या विषयावर बोलले की मला तीन आक्षेप ऐकायला मिळतात.

पहिला आक्षेप, या वयात मुलांना काय कळते? सगळे कळत नाही हे खरे. पण माळ्यावर वारा आहे की नाही, हे तिथे झोपणाऱ्यालाच जास्त कळते. त्यांनी देशाचे परराष्ट्र धोरण ठरवावे असे कुणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप, यातून दुकानांची बदनामी होईल. होऊ नये यासाठी नियम करता येतात. दुकानाचे आणि व्यक्तीचे नाव घ्यायचे नाही, अडचण सांगायची आणि उपाय सुचवायचा. मला तर वाटते, चांगले वागवणाऱ्या शेठचे कौतुकही या मुलांच्या तोंडूनच यावे. त्याला जाहिरातीपेक्षा जास्त किंमत येईल.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शाळेबाहेरच्या मुलांना व्यासपीठ दिले, तर शाळा सोडली तरी चालते असा अर्थ निघेल, असे काही शिक्षक मित्र म्हणतात. माझे आयुष्य शाळेत गेले आहे, त्यामुळे याचे उत्तर स्पष्ट देते. चौदा वर्षांखालचा मुलगा कुठल्या दुकानात दिसला, तर त्याला माईक द्यायचा नाही, त्याला शाळेत घालायचे. कुणाला संकोच वाटत असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे. याबाबत तडजोड नको. जो चौदाच्या पुढे गेला आहे आणि ज्याची शाळा सुटली आहे, त्याच्यासाठी मुक्त विद्यालयाची वाट आहे. एन.आय.ओ.एस. ही संस्था १९८९ पासून हेच काम करते. परंतु त्या वाटेवर तो पाय कधी ठेवेल? आपले म्हणणे चार लोकांनी ऐकले, आपल्या तोंडून निघालेली चार वाक्ये छापून आली, असे झाले की त्याला पुस्तकाची ओढ वाटते. आमच्या बैठकीतल्या दोघांनी दहावीच्या अर्जाची चौकशी स्वतःहून केली. मी त्यांना आग्रह केला नव्हता.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगते. माझ्या पाच सूचना आहेत आणि पाचहींना खर्च जवळजवळ नाही.

पहिली, स्पर्धांचे गट इयत्तेनुसार न करता वयानुसार करावेत. 'इयत्ता आठवी ते दहावी' याऐवजी 'वय १३ ते १६' छापायचे. एवढा बदल केला की पत्रिकेचे दार सगळ्यांना उघडते. निबंधाच्या जोडीला तोंडी कथन स्पर्धाही ठेवावी, म्हणजे लिहिता न येणाऱ्यालाही भाग घेता येईल.

दुसरी, उत्सवात अर्धा तास या मुलामुलींचा असावा, आणि त्याची वेळ त्यांना विचारून ठरवावी. करोल बागेचा बाजार सोमवारी बंद, चांदनी चौकाचा रविवारी. ज्याची सुट्टी सोमवारी त्याला रविवारी दुपारी बोलावून उपयोग नाही. रात्री दुकाने मिटल्यावर ठेवू म्हणाल, तर दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. म्हणून आधी विचारावे. मुलींसाठी वेगळे विचारावे, कारण त्यांच्या सुट्टीचा वार ठरलेलाच नसतो.

तिसरी, स्मरणिकेची दोन पाने त्यांना द्यावीत. 'बालकनामा'ची रीत इथे घ्यावी. ज्याला लिहिता येते त्याने लिहावे, ज्याला येत नाही त्याने सांगावे आणि दुसऱ्याने उतरवावे. छापण्यापूर्वी ज्याचे त्याला वाचून दाखवावे. त्याची भाषा पुस्तकी करू नये. नाव छापायचे की नाही हे त्याने ठरवावे.

चौथी, उत्सव समितीवर त्यांचे दोन प्रतिनिधी असावेत, एक मुलगा आणि एक मुलगी. त्यांना आपण नेमू नये, त्यांनी गुप्त मतदानाने निवडावे. त्यांना खुर्च्या मांडण्याच्या कामापुरते ठेवू नये. बैठकीत बोलण्याचा आणि मत देण्याचा अधिकार असावा.

पाचवी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जे ऐकले त्याला उत्तर द्यावे. मुलांनी दहा गोष्टी सांगितल्या, आपण टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच दहा गोष्टी ऐकल्या, तर तिसऱ्या वर्षी ते येणार नाहीत. म्हणून उत्सवानंतर महिन्याभरात समितीने प्रत्येक मुद्द्यावर काय केले, काय जमले नाही आणि का जमले नाही, हे वाचनालयाच्या फलकावर लावावे. 'जमले नाही' हेही उत्तर आहे. मुलांना ते समजते.

आणि या सर्वांच्या आधी एक शब्द हवा आहे. गलाई व्यवसायातल्या ज्येष्ठ मंडळींना मी हात जोडून विनंती करते. तुमच्यापैकी अनेक जण असेच पंधरा-सोळाव्या वर्षी एका पिशवीनिशी या शहरात उतरला आहात. त्या वेळी तुम्हाला काय सांगावेसे वाटत होते, ते तुम्हाला आठवत असेल. इथे बोलल्याबद्दल किंवा लिहिल्याबद्दल कुठल्याही मुलाची नोकरी जाणार नाही, त्याच्या गावी फोन जाणार नाही आणि त्याचा पगार कापला जाणार नाही, एवढा शब्द तुम्ही या मंडपात, बाप्पाच्या समोर द्यावा. तुमचा शब्द बाजारात चालतो, चिठ्ठीवर किलोने सोने हातांतून जाते. या मुलांनाही त्या शब्दाचा भरवसा वाटेल.

लोकमान्यांनी १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली. तेव्हापासून या मंडपात मेळे झाले, व्याख्याने झाली, वाद झाले. सार्वजनिक हा शब्द आपण मंडळाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहितो. त्या शब्दात मंडपाचे खांब रोवणारी मुले येतात, आणि घरी थांबून आपल्या नैवेद्याच्या स्वयंपाकात हात लावणाऱ्या मुलीही येतात.

माझ्या पिशवीत वाचनालयातल्या मुलांनी उतरवून दिलेले सात कागद आहेत. त्यांवर नावे नाहीत. व्याख्यान संपल्यावर ते मी अध्यक्षांच्या हाती देणार आहे. आजच वाचावेत असा आग्रह नाही. पण पुढच्या बैठकीत वाचावेत आणि त्या बैठकीला मुलांपैकी दोघांना बोलवावे, अशी माझी विनंती आहे.



गणपती बाप्पा मोरया!